गोठ्यात न गेलेला फोन

एका आईला मी चुकीचा फोन विकला, आणि तो चुकीचा ठरला तेव्हा दोष तिच्या माथी मारला. पहिली चूक या धंद्यात कुणाच्याही हातून होऊ शकते. दुसरी तशी नाही. ती करायला माणसाला क्षणभर विचार करावा लागतो, आणि मी तो केला होता. दुकानातल्या गमती लिहा, असा या अंकाच्या संपादकांचा निरोप आला. गमती माझ्याकडे पुष्कळ आहेत, एखाद-दुसरी सांगतोही. पण ही गोष्ट लिहून टाकल्याशिवाय बाकीचं लिहायला हात उठत नाही.

राजारामपुरीत माझं मोबाइलचं दुकान. नव्वदच्या दशकात त्याच जागेत माझा एसटीडी बूथ होता. बूथच्या काचेला आवाज अडवायची सवय नव्हती आणि कोल्हापूरच्या माणसाला आवाज दाबायची. पुण्याला होस्टेलवर राहणाऱ्या मुलाला एक मावशी दर रविवारी फोन लावायच्या. "जेवलास का? काय जेवलास? भाजी कसली हुती?" रांगेतली माणसं उगाच घड्याळाकडे बघायची, पण भाजी कसली होती हे कळेपर्यंत कुणी हलायचं नाही. एकदा त्या बोलून बाहेर आल्या, तर रांगेतला एक पैलवान गडी म्हणाला, "मावशी, पेपर कसा गेला त्ये इचारायचं राह्यलंच की." मावशी पुन्हा आत गेल्या आणि रांगेनं त्यांना जाऊ दिलं. आईबापाला फोन कशाला लागतो, हे मी त्या काचेशेजारी बसून शिकलो. पोर ठीक आहे एवढंच त्यांना ऐकायचं असतं, आणि ते ऐकायलाही त्यांना कामातून सवड नसते.

त्यामुळे मोबाइल आले तेव्हा हा धंदा आपल्याला जमणार याची मला खात्री होती. आजही आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, फोन विकणं म्हणजे खोक्यावरचं वाचून दाखवणं. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "चांगला फोन कुठला?" मी सांगतो, चांगला असा फोन नसतो, तुमचा असा असतो. लहान मुलं असलेला आणि दिवसभर राबणारा माणूस समोर आला, की मी आधी त्याचे हात बघतो. हात पिठाचे आहेत, ग्रीसचे आहेत, खडूचे आहेत की सारखे ओले? मग विचारतो, दिवसभर फोन कुठं असणार? खिशात, पर्समध्ये, गल्ल्यावर की घरी? घरी असणार असेल तर तो फोन तुमचा नाही, घराचा. शेवटचं, चार्जिंगला लावायला दिवसातून किती वेळ मिळेल? भारनियमनाच्या त्या वर्षांत कॅमेऱ्यापेक्षा हा प्रश्न मोठा होता. दिवे गेले की भारी फोन संध्याकाळपर्यंत मान टाकायचे. साधा फोन चार दिवस चालायचा.

गगनबावड्याला बदली झालेले एक गुरुजी आले होते. बायको इथं नोकरीला, मुलं लहान. त्यांना मोठ्या पडद्याचा कॅमेऱ्यावाला फोन हवा होता, मुलांचे फोटो बघायला. मी विचारलं, "गुरुजी, तिकडं रेंज कुठं येते?"

"शाळंमागच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की येती."

"आणि पाऊस?"

"पाऊस कधी नसतोय ते विचारा."

मग मी त्यांना रबरी बटणांचा, टॉर्चवाला छोटा फोन दिला. एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं न बघता लागेल असा. गुरुजी नाराज होऊन गेले. पावसाळा संपता संपता परत आले ते शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींना घेऊनच. म्हणाले, "बायको म्हणत्येय, फोटो ऱ्हाऊ द्या, आवाज आला म्हंजे झालं." असं कुणी बोललं की छाती फुगते, खोटं कशाला सांगू.

पण हात बघायची ही रीत मला उपजत आलेली नाही. महादेवीवहिनी दुकानात आल्या, तेव्हा मी त्यांचे हात बघितले नव्हते.

ही गोष्ट गुरुजींच्या आधीची. स्मार्टफोन हा शब्द तेव्हा आमच्याकडे नवा होता. विटेसारखा जाड, पुढं मोठी काच, आणि कडेला खोचलेली बारीक काडी. त्या काडीनं काचेवर टेकवायचं, म्हणजे फोन चालायचा. लोक त्याला काडीचा फोन म्हणायचे. त्यात ईमेल होती, डायरी होती, साहेबलोकांच्या सोयीचं सगळं होतं. असे दोन फोन माझ्या काचेच्या कपाटात वरच्या खणात होते. येणारा-जाणारा बघायचा, कौतुक करायचा आणि खालच्या खणातला साधा फोन घेऊन जायचा. हा फोन आपण कोल्हापुरात विकून दाखवायचाच, अशी मला खुमखुमी होती.

एके दिवशी कसबा बावड्याचे बसवराजआण्णा बायकोला घेऊन आले. आण्णा साखर कारखान्यात कामाला, तोंडओळख होती. महादेवीवहिनींचा घरामागे म्हशींचा गोठा होता. माहेरून आलेल्या एका म्हशीवर त्यांनी तो वाढवला होता. पहाटे धारा काढायच्या, दूध घालून यायचं, मुलीला शाळेत पोचवायचं, मग शेणघाण, वैरण, म्हशी धुणं आणि परत धारा. मुलगी श्रुती दुसरीत होती आणि तिला दमा होता. थंडीत वर्गातच तिचा श्वास अडकायचा. घरच्यांचं म्हणणं, म्हशी विकून टाक आणि पोरीकडे बघ. वहिनींचं म्हणणं, मी दोन्ही बघते, शाळा जवळ आहे, फक्त बोलावणं मला कळलं पाहिजे. फोन घ्यायचा होता तो एवढ्यासाठी. त्यांचा गोठा राहणार की जाणार हे त्या फोनवर होतं, आणि आण्णांनी हे सगळं मला काउंटरवर सांगितलंही होतं.

"तवा पावणं, हिला भारीतला दावा," आण्णा म्हणाले. "शाळंतनं फोन आला तर चुकाय नको."

आमच्या बाजाराची एक पद्धत आहे. नवरा-बायको दुकानात आले, तर वस्तू कुणासाठीही असो, दुकानदार नवऱ्याशी बोलतो. बाई स्टुलावर बसते, पाणी पिते आणि वस्तू ठरली की हात लावून बघते. ही पद्धत मी पाडली नाही, पण डोळे झाकून पाळली. मी वरच्या खणातला फोन काढून आण्णांच्या हातात दिला. आण्णांनी काडीनं काचेवर स्वतःचं नाव लिहिलं आणि हरखून गेले.

वहिनी स्टुलावरून म्हणाल्या, "ह्यो गोठ्यात न्हेता येतोय का?"

प्रश्न त्यांनी मला विचारला होता. मी उत्तर आण्णांना दिलं. "आण्णा, पाण्याजवळ तेवढा नेऊ नका, आणि ओला हात काचेला लावू नका. एवढं जपलंत की बाकी काळजी नाही."

"ऐकलीस न्हवं?" आण्णा म्हणाले. "वल्ला हात लावायचा न्हाय."

"माझा हात वाळतोय कवा?" वहिनी म्हणाल्या.

आण्णा हसले, मी हसलो. वहिनीही जरा हसल्या. मी फोनला कुंकू लावलं, वर पेढा ठेवला आणि खोकं आण्णांच्या हातात दिलं. ती जोडी पायऱ्या उतरून गेली, तेव्हा मला आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटत होतं.

थंडी पडली आणि एके दिवशी दोघं परत आली. आण्णांनी फोन काउंटरवर ठेवला. "ह्यो वाजतोय का न्हाय त्ये बगा."

काय झालं ते त्यांनीच सांगितलं. श्रुतीला वर्गात जोराचा दम लागला. शाळेनं सारखे फोन लावले, कुणी उचलले नाहीत. शेवटी बाईंनी पोरीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आण्णा कारखान्यात, वहिनी गोठ्यात. वहिनींना कळलं ते शाळेचा शिपाई सायकलवरून घरी आला तेव्हा. त्या दवाखान्यात पोचल्या, तेव्हा पोरीच्या तोंडाला ऑक्सिजन लावलेला होता. आता श्रुती घरी आली होती, बरी होती. पण आण्णांचा चेहरा अजून उतरलेला होता.

मी दुकानातल्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. काडीचा फोन काउंटरवर खणखणीत वाजला. शाळेचे न उचललेले फोनही त्यात दिसत होते. म्हणजे त्या दिवशीही तो वाजला होता. त्या क्षणी मला पोरगी दिसली नाही, वहिनी दिसल्या नाहीत. फोन परत घ्यायला लागतोय का, एवढंच मनात आलं. मी म्हणालो, "फोनमध्ये दोष नाही, आण्णा. वाजत होता, उचलला नाही. वहिनींना अजून सवय झालेली नाही, दुसरं काही नाही."

आण्णांनी बायकोकडे बघितलं. "एवढा भारी फोन हातात दिला तुझ्या."

"मला ऐकूच आला न्हाय," वहिनी म्हणाल्या.

"बहिऱ्या माणसाला ऐकू यावा असा वाजतोय की त्यो."

खरं तर पुढचा प्रश्न मी विचारायला हवा होता: वहिनी, फोन होता कुठं? कुठल्याही बिघाडाचा तपास तिथून सुरू होतो. मी तो प्रश्न विचारला नाही, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे येईल असं कुठंतरी मला वाटलं असणार. दोघं गेली. दुकानातली इतर गिऱ्हाइकं वहिनींकडे बघत होती, तेही मी बघितलं.

काही महिन्यांनी कसबा बावड्यात एका नातेवाइकाची नव्या घराची वास्तुशांत होती. परतताना आण्णांनी रस्त्यातच गाठलं आणि चहाला घरी नेलं. सोप्यात टीव्हीच्या कपाटात, क्रोशाच्या रुमालाखाली, तो फोन ठेवलेला होता. शेजारी काडी वेगळी, डबीत. मागच्या दारातून गोठा दिसत होता. गोठा रिकामा होता. कोपऱ्यात वैरण कापायचं कडबाकुट्टीचं यंत्र पोत्यानं झाकून ठेवलं होतं.

आण्णा कपडे बदलायला आत गेले. त्यांची आई, आव्वा, माझ्यासमोर बसली होती. मी विचारलं, "आव्वा, म्हशी कुठं गेल्या?"

"इकल्या. पोरीचं असं झाल्यावर कोण ठिवणार? एक तर पोरगी बघ न्हायतर म्हशी बघ, म्हणालो आमी." मग आपणहून पुढं म्हणाली, "त्यादिशी ह्यो वाजत हुता बगा. मी मागल्या दारात जाऊन हाका मारल्या. पर कुट्टी चालू हुती, तिला काय ऐकू येतंय? माझ्या गुडघ्यानं पायऱ्या उतरवत न्हाईत."

"मग तुम्हीच का उचलला नाही?"

"काडीनं उचलायचा फोन त्यो. काच फुटली म्हंजे?"

"वहिनींनी तो गोठ्यात का नेला नव्हता?" हा प्रश्न मी शेवटी विचारला, पण चुकीच्या जागी आणि फार उशिरा.

आव्वा माझ्याकडे नवलानं बघायला लागली. "तुमीच सांगितलतासा की, पाण्याजवळ न्यायचा न्हाय म्हणून. ती तुमचं ऐकत हुती वं."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी हे ऐकलं होतं. कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "साखर कमी वाटली तर सांगा." त्या रागात नव्हत्या. मी चहा प्यायलो, आण्णांशी पाऊसपाण्याचं बोललो आणि निघून आलो.

त्या घरात मला सगळं कळलं होतं. माझ्या खालच्या खणात छोटे, रबरी बटणांचे फोन डझनानं पडून होते. त्यातला एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वहिनींनी कमरेला खोचला असता, तर कुट्टीच्या आवाजातही त्याची थरथर त्यांना जाणवली असती. ओल्या हातानं, पिशवीवरूनच बटण दाबता आलं असतं. पडला असता, शेणात गेला असता, तरी कुणाचा जीव खालीवर झाला नसता. मी दिला तो फोन इतका भारी होता की तो कामावर जाऊच शकत नव्हता. घरच्यांनी त्याला देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखं जपलं, आणि ते जपायला मीच शिकवलं होतं.

एवढं कळूनही मी बोललो नाही. आता बोलून म्हशी परत येणार आहेत का, असं स्वतःला सांगितलं. धंद्यात मात्र सुधारणा केली, आणि ती मनापासून केली. नवऱ्याशी बोलणं बंद केलं. ज्याचा फोन त्याच्याशीच बोलायचं, सोबतच्याला पाणी द्यायचं. काही पुरुष चिडायचे. एक गूळव्यापारी म्हणाले, "पैसं मी देणार आन् तुमी माझ्याकडं बघंनासा?" मी म्हणालो, "शेठ, पैसे देताना बघतो की." हळूहळू आयांना बरोबर फोन देणारा दुकानदार म्हणून माझं नाव झालं. नर्सबाई यायच्या, शिवणकाम करणाऱ्या यायच्या, खानावळवाल्या यायच्या. कुणाचाही फोन मी चुकवला नाही. ते कौतुक ऐकताना दर वेळी आतून टोचायचं, कारण ती अक्कल कुणाच्या नुकसानीतून आली ते मला ठाऊक होतं.

दोन हजारनंतरचं पहिलं दशक संपत आलं, तेव्हा कसबा बावड्यातल्या बायकांच्या एका बचत गटानं मला बोलावलं. दिवसभर राबणाऱ्या बाईनं फोन कसा निवडावा, यावर बोला म्हणाल्या. समाजमंदिरात सतरंजीवर पन्नासेक बायका. मी हात बघण्याबद्दल बोललो, चार्जिंगबद्दल बोललो, कमरेच्या पिशवीबद्दल बोललो. बायका हसत होत्या, माना डोलावत होत्या. बोलण्याच्या भरात मी काडीच्या फोनची गोष्ट सांगितली. फक्त 'मी' म्हणालो नाही. 'माझ्या ओळखीचा एक दुकानदार' म्हणालो.

गोष्ट संपल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला. "त्या दुकानदारानं फुडं काय केलं?"

महादेवीवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या आता दूध संकलन केंद्रावर कामाला होत्या, दुसऱ्यांच्या म्हशींचं दूध मापून घ्यायचं काम. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त त्या दिसल्या.

"त्याला फार वाईट वाटलं," मी म्हणालो.

"वाईट वाटल्यालं त्या बाईला कसं कळायचं?"

सगळ्या बायका हसल्या. त्यांना ती नेहमीची टिंगल वाटली. वहिनी हसल्या नाहीत, मीही हसलो नाही. कसाबसा कार्यक्रम संपवला आणि बाहेर त्यांना गाठलं. चपला शोधणाऱ्या बायकांच्या गर्दीतच म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं. मला तुमची—"

त्यांनी मला थांबवलं. "हितं नको. ज्यांच्याम्होरं माझं नाव घेतलासा, त्यांच्याम्होरं बोला. आज सुट्टी हाय त्यास्नी. घरात हाईत."

आम्ही चालत निघालो. घरी आण्णा अंगणात खाटेवर पेपर वाचत बसले होते, आव्वा भिंतीच्या सावलीला. श्रुती आता सहावीत गेली होती. तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला. मी पाणी प्यायलो नाही. तांब्या खाली ठेवला आणि आण्णांना सांगायला लागलो, की त्या दिवशी दुकानात मी बोललो ते खरं नव्हतं.

"जाऊ द्या की पावणं," आण्णा अवघडून म्हणाले. "कवाची गोष्ट. पोरगी बरी झाली न्हवं? बसा, च्या ठिवायला सांगतो."

"तुमी गप बसा वाईच," वहिनी म्हणाल्या. "त्यास्नी बोलू द्या."

मी बोललो. हळू, चाचरत, जमिनीकडे बघत बोललो. आण्णा पेपराची घडी घालत ऐकत राहिले. आव्वा एकदा माझ्याकडे, एकदा सुनेकडे बघत होती. "काय म्हणत्यात गं ह्ये?" तिनं विचारलं.

"मोठ्यानं बोला," वहिनी मला म्हणाल्या. "आव्वाला आता ऐकू येत न्हाय. तिला कळाय पायजे."

मग मी उभा राहिलो. शेजारच्या अंगणातली माणसं काम थांबवून बघायला लागतील एवढ्या आवाजात म्हणालो, "आव्वा, महादेवीवहिनींची काही चूक नव्हती. फोन गोठ्यात नेता येतो का, असं त्यांनी मला आधीच विचारलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चुकीचा फोन मी दिला आणि दुकानात आण्णांसमोर नाव त्यांचं घेतलं. त्यांच्या म्हशी माझ्यामुळं गेल्या, हे कळल्यावरही मी तुमच्या घरी चहा पिऊन गप्प निघून गेलो. वहिनी, मला माफ करा."